अपघात-नोंदवहीतून निर्णयापर्यंत: कारखान्यात नव्याने सुरक्षेची जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यासोबत एक जाडजूड नोंदवही, प्रथमोपचार पेटीची किल्ली आणि ‘महिन्याच्या पाच तारखेला आकडे वर पाठवायचे असतात’ एवढी सूचना मिळाली. कारखाना वाहन उद्योगाला पत्र्याचे सुटे भाग पुरवणारा होता. त्यात प्रेस शॉप (पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांचा विभाग), वेल्डिंग, थोडे मशीनिंग आणि पॅकिंग चाले. नोंदवहीत तीन वर्षांच्या घटना होत्या आणि ‘कारण’ या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीला एकच शब्द होता: निष्काळजीपणा. बोट चिरले, निष्काळजीपणा. पायावर डाय (प्रेसचा साचा) पडली, निष्काळजीपणा. तीन वर्षे आकडे न चुकता वर गेले होते आणि त्यांच्यामुळे एकही यंत्र, एकही पाळी, एकही कामाची पद्धत बदललेली नव्हती.

हा लेख शंभर ते पाचशे माणसांच्या कारखान्यात हे काम नव्याने अंगावर घेतलेल्यांसाठी आहे. खास सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल, मोठा कागद आणि रोज शॉप फ्लोअरवर तासभर फिरण्याची तयारी पुरते. औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेत सूत्रे शिकवली जातात, परंतु नोंदवहीचे पुढे करायचे काय हे मला तेथे कळले नव्हते. ते हळूहळू आणि बऱ्याच चुका करून कळले.

१. आधी निर्णय ठरवा, मग माहिती गोळा करा

पहिल्या महिन्यात मी सत्तावीस रकान्यांचा तक्ता आखला. तो भरायला वेळ लागे, सुपरवायझर वैतागत आणि अर्धे रकाने रिकामे राहत. नंतर उलट बाजूने सुरुवात केली. येत्या वर्षात आपल्याला कोणते निर्णय घ्यायचे आहेत, याची यादी व्यवस्थापकांसोबत बसून केली: कोणत्या प्रेसला आधी गार्ड (हात आत जाऊ न देणारे आवरण) बसवायचे, रात्रपाळीत सेटर (डाय बदलून बसवणारा कारागीर) ठेवायचा की नाही, ठेकेदाराच्या नव्या मुलांना किती दिवस प्रेसवर बसवायचे नाही, कानांच्या संरक्षणावरचा खर्च कोणत्या विभागात करायचा. प्रत्येक निर्णयासमोर तो घेण्यासाठी कोणती माहिती हवी ते लिहिले. ज्या माहितीने यांतील एकही निर्णय इकडचा तिकडे होणार नव्हता, तिचा रकाना काढून टाकला. शेवटी अकरा रकाने उरले.

२. कागद गोळा करा

बहुतेक माहिती कारखान्यात आधीच असते, फक्त ती पाच जणांच्या पाच कपाटांत असते. पुढील कागद मागून घ्या.

• अपघात-नोंदवही आणि कारखाना निरीक्षकांकडे पाठवलेल्या सूचनांच्या प्रती
• प्रथमोपचार पेटीचे रजिस्टर आणि पेटी भरल्याची औषध दुकानाची बिले
• स्वतःच्या व ठेकेदाराच्या कामगारांचे हजेरीपट, ओव्हरटाइमसह
• कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे दिलेले अपघात अहवाल आणि खासगी दवाखान्यांची बिले
• मेंटेनन्सचे ब्रेकडाउन रजिस्टर
• वैद्यकीय तपासणीचे आणि आवाजाच्या मोजणीचे जुने अहवाल
• कारखान्याचा लेआउट नकाशा

यांपैकी औषध दुकानाच्या बिलाला कोणी महत्त्व देत नाही, म्हणून त्याविषयी थोडे अधिक. आमच्या प्रथमोपचार रजिस्टरमध्ये महिन्याला चार-पाच किरकोळ जखमा लिहिलेल्या असत आणि बिल मात्र दर महिन्याला शंभर चिकटपट्ट्यांच्या नव्या डब्याचे येई. मी दोन आठवडे पेटीजवळ उभे राहून पाहिले. माणूस येई, पट्टी घेई, दाताने कागद फाडून बोटाला गुंडाळे आणि निघून जाई. रजिस्टरचे पेन दोरीला बांधलेले होते, पण त्यातली शाई संपून किती दिवस झाले होते कोण जाणे. पेन बदलले, नाव लिहिण्याची अट काढली आणि केवळ ‘कुठे काम करताना’ एवढ्यावर खूण करायची सोय ठेवली, तेव्हा खुणा पट्ट्यांच्या जवळ पोहोचल्या.

सापळा: खासगी दवाखान्याची बिले आणि विमा महामंडळाचे अहवाल एकमेकांशी जुळवून पाहा. ज्या जखमेचे बिल आहे पण अहवाल नाही, ती ‘आपसांत मिटवलेली’ जखम असते. तिच्यामुळे आकडेवारी बिघडते हे खरेच, पण त्याहून वाईट म्हणजे नोंद नसलेल्या माणसाला पुढे कायमच्या अपंगत्वाचा लाभ मागताना अपघात कामावरच झाला हे सिद्ध करण्यासाठी वणवण करावी लागते. विमाधारक कामगाराला कामावर झालेल्या दुखापतीचा लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू असतो, तेव्हा ‘तो नवीन होता म्हणून कळवले नाही’ या सबबीला काही अर्थ नाही.

३. एका घटनेला एक ओळ, आणि ‘कारण’ हा रकाना बंद

तक्त्यात एका घटनेला एकच ओळ द्या. माझे रकाने असे: तारीख, वेळ, पाळी, जागा, यंत्राचा क्रमांक, नेमके चाललेले काम, कशाने लागले, शरीराचा भाग, वाया गेलेले दिवस, कामगार स्वतःचा की ठेकेदाराचा, आणि त्या यंत्रावर त्याचा कितवा दिवस.

शेवटचा रकाना जपा. कारखान्यात रुजू होऊन किती दिवस झाले आणि या यंत्रावर किती दिवस झाले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅकिंगमध्ये चार वर्षे काढलेला माणूस गैरहजेरी भरून काढण्यासाठी सकाळी प्रेसवर बसवला, तर कागदोपत्री तो जुना असतो आणि प्रेसपुढे तो नवाच असतो.

‘कारण’ हा रकाना मी बंद केला. घटना लिहिणाऱ्याला अपघातानंतरच्या दहा मिनिटांत कारण ठाऊक नसते. त्याला फक्त दोषी ठाऊक असतो, आणि तो बहुधा ज्याला लागले तोच असतो. त्याऐवजी ‘नेमके चाललेले काम’ एका पूर्ण वाक्यात लिहून घ्या. ‘प्रेसवर काम करताना’ हे वाक्य चालणार नाही. ‘डायमध्ये अडकलेला भाग बोटाने काढताना, कारण चुंबकी दांडी यंत्राजवळ नव्हती’ हे वाक्य चालेल, कारण त्यात पुढच्या निर्णयाचे टोक हाताला लागते.

वैयक्तिक माहितीबाबत एक दक्षता घ्या. विश्लेषणाच्या तक्त्यात नाव लिहू नका, क्रमांक लिहा, आणि क्रमांक कोणाचा याची यादी वेगळी ठेवा. वैद्यकीय अहवाल तर सुपरवायझरच्या ग्रुपवर कधीही जाता कामा नये.

४. छेदात माणसे नव्हे, तास घ्या

‘यंदा पाच अपघात’ या वाक्याला अर्थ येतो तो किती तासांच्या कामात पाच, हे कळल्यावर. भारतीय मानक आयएस ३७८६ प्रमाणे वारंवारता दर म्हणजे कामाचे तास वाया घालवणाऱ्या दुखापतींची संख्या गुणिले दहा लाख, भागिले एकूण मनुष्य-तास. तीव्रता दरात दुखापतींच्या जागी वाया गेलेले मनुष्य-दिवस येतात, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व यासाठी ६,००० दिवस धरले जातात.

एक उदाहरण पाहू. समजा, स्वतःचे १८० कामगार वर्षाला ३०० दिवस आठ तास काम करतात. त्यांचे ४,३२,००० तास होतात. ठेकेदाराचे १२० जण तेवढेच दिवस काम करतात; त्यांचे २,८८,००० तास. वर्षभरात दुखापती पाच, त्यांतल्या तीन ठेकेदाराच्या माणसांना. सगळे धरून दर ६.९ येतो. पण अनेक ठिकाणी अंशात सर्व पाच घेतात आणि छेदात केवळ स्वतःचे तास, कारण ठेकेदाराचा हजेरीपट आलेलाच नसतो. मग दर ११.६ दिसतो. काही ठिकाणी याच्या उलट, ठेकेदाराची माणसे दोन्हीकडून वगळतात आणि दर ४.६ एवढा देखणा होतो. एकाच कारखान्याचे, एकाच वर्षाचे हे तीन आकडे आहेत, तेव्हा समोर आलेला कोणताही दर छेद विचारल्याशिवाय स्वीकारू नका. वेगवेगळे पाहिले तर स्वतःच्या कामगारांचा दर ४.६ आणि ठेकेदाराच्या कामगारांचा १०.४ निघतो, चौकशी कोठून सुरू करावी हे त्यावरून कळते.

सापळा: अमेरिकी पद्धतीत दहा लाखांऐवजी दोन लाख तासांनी गुणतात, म्हणजे शंभर माणसांचे आठवड्याला चाळीस तासांप्रमाणे पन्नास आठवडे. परदेशी ग्राहकाने त्याचा दर २.३ सांगितला आणि आपला ११.६ असला, तर दोन्ही कदाचित एकच असतील. दुखापतीची व्याख्याही दोन्हीकडे एकच आहे ना, तेही विचारा.

आणखी एक सापळा अठ्ठेचाळीस तासांचा. दुखापतीमुळे माणूस अठ्ठेचाळीस तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर सूचना द्यावी लागते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ मध्ये ही रेघ होती आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही ती तशीच आहे. या रेघेच्या अलीकडे राहण्यासाठी हाताला बँडेज बांधलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गेटजवळच्या खुर्चीवर बसवून हजेरी लावली जाते, हे मी एकाहून अधिक कारखान्यांत पाहिले आहे. तो आपल्या तक्त्यात ‘काम करू शकला नाही’ असाच लिहा.

५. लहान आकड्यांवर नाचू नका

मला सर्वांत उशिरा समजलेली गोष्ट ही. ज्या कारखान्यात वर्षाला सरासरी चार दुखापती होतात, तेथे काहीही न बदलता केवळ योगायोगाने, साधारण दर चार वर्षांपैकी एका वर्षी दोन किंवा त्याहून कमी होतील, आणि दर पाच वर्षांपैकी एका वर्षी सहा किंवा त्याहून अधिक. म्हणजे गेल्या वर्षीचे सहा यंदा दोनवर आले, तर सुरक्षा-घोषणांच्या स्पर्धेला श्रेय देण्याची घाई करू नका. याच कारखान्यात एखाद्या तिमाहीत एकही दुखापत न होण्याची शक्यता शंभरात ३७ आहे. गेटवरचा ‘९० दिवस अपघातमुक्त’ हा फलक त्या हिशेबाने नाणेफेकीच्या फार पलीकडचे काही सांगत नाही.

फलकाचा दुसरा तोटा मोठा आहे. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या आधीच्या पंधरवड्यात, बक्षीस दिनाला जोडलेले असेल, तर नोंदी आटतात. जखमा आटत नाहीत. चिकटपट्ट्यांचे बिल पाहा म्हणजे कळेल. वरच्या उदाहरणातले ४.६ आणि १०.४ हे दरही दोन आणि तीन दुखापतींवरच उभे आहेत हे विसरू नका. त्यांनी प्रश्न उभा राहतो. उत्तर मिळवण्यासाठी अधिक नोंदी लागतात, आणि त्या पुढच्या पायरीतून येतात.

६. थोडक्यात टळलेले अपघात

शॉप फ्लोअरवर यांना ‘निअर मिस’च म्हणतात. १९३१ मध्ये अमेरिकी सुरक्षा-अभ्यासक हाइनरिश यांनी मांडलेला एक मोठी दुखापत, एकोणतीस किरकोळ आणि तीनशे बिनदुखापतीच्या घटना असा त्रिकोण प्रत्येक प्रशिक्षणात दाखवतात. टळलेल्या घटनांकडे लक्ष द्या, एवढा बोध त्यातून घ्यावा. आपल्या कारखान्यात तेच गुणोत्तर निघेल असे मानून गणिते करू नयेत, आणि किरकोळ जखमा कमी झाल्या म्हणजे मोठे संकट टळले असे तर मुळीच समजू नये. अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी झालेल्या स्फोटात १५ जण दगावले. तेथे दुखापतींचे दर सुधारत असल्याकडे बोट दाखवले जात होते आणि प्रक्रियेतले धोके त्या दरांत दिसतच नव्हते. रसायनी, तारापूर किंवा लोटे परशुरामसारख्या रासायनिक कारखान्यांच्या वसाहतींतल्या वाचकांनी दाब, तापमान, गळती आणि बंद करून ठेवलेले अलार्म यांची मोजणी स्वतंत्र ठेवावी.

नोंद मिळवण्यासाठी चिठ्ठी अर्ध्या पानाची ठेवा आणि ती मराठीत व हिंदीत, दोन्ही भाषांत छापा. चिठ्ठी लिहिणाऱ्याला मेमो दिला गेला, की पुढचे वर्षभर पेटी रिकामी राहील. तसे एकदा आमच्याकडे झाले आणि ती पुन्हा भरायला आठ महिने लागले. चिठ्ठीला आठवड्याच्या आत उत्तर द्या, ‘हे आत्ता होणार नाही’ असे असले तरी द्या.

७. नोंदी एकमेकींच्या शेजारी ठेवा

लेआउट नकाशा मोठा छापून कॅन्टीनच्या भिंतीवर लावा आणि प्रत्येक घटनेसाठी टिकली चिकटवा: दुखापतीला लाल, प्रथमोपचाराला निळी, टळलेल्या अपघाताला पिवळी. आमच्या नकाशावर निळ्या टिकल्यांची गर्दी प्रेसपाशी होईल असे सर्वांना वाटत होते. ती झाली स्क्रॅपच्या ट्रॉलीपाशी, कारण ट्रॉलीची एक बाजू वाकलेली होती आणि पत्र्याच्या धारदार पट्ट्या तीमधून बाहेर डोकावत. ट्रॉलीचे वेल्डिंग एका दुपारी झाले.

पिवळ्या टिकल्यांनी अधिक महत्त्वाचे दाखवले. कोपऱ्यातल्या एका जुन्या प्रेसवर तीन चिठ्ठ्या आल्या होत्या, त्यांतल्या एकीवर हिंदीत एवढेच होते की मशीन आपोआप दुसऱ्यांदा खाली आली. मी मेंटेनन्सचे रजिस्टर त्या तारखांपाशी उघडले. प्रत्येक चिठ्ठीच्या मागेपुढे आठवडाभरात ‘क्लच स्प्रिंग बदलली’ किंवा ‘ब्रेक टाइट केला’ अशी नोंद होती. ती प्रेस पिन क्लचची होती. मेंटेनन्सवाल्यांसाठी तो किरकोळ बिघाड होता, ऑपरेटरसाठी क्षणभराची भीती होती, आणि दोघांच्या वह्या कधी एका टेबलावर आलेल्याच नव्हत्या.

त्या वेळी व्यवस्थापन सर्व प्रेसना लाइट कर्टन (हात आडवा आला की यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवण्याच्या विचारात होते. या प्रेसवर तो खर्च वाया गेला असता. पिन क्लचच्या प्रेसमध्ये क्लच एकदा गुंतला की स्ट्रोक (प्रेसची एक खाली-वर फेरी) पूर्ण होईपर्यंत थांबत नाही, मग पडद्याला हात दिसून उपयोग काय? आणि स्ट्रोक आपोआप दुसऱ्यांदा आला, तर दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणेही वाचवत नाहीत, कारण हात तोवर बटणांवरून उठून डायकडे गेलेले असतात. अशा प्रेसला बोट आत जाणारच नाही असे डायभोवतीचे बंदिस्त गार्ड लागते. प्रेस त्याच दिवशी बंद ठेवली, क्लच उघडला, आणि झिजलेली पिन बदलून गार्ड बसल्यावरच ती चालू झाली.

८. दिसत नाही त्या इजेची नोंद

कान जातात तेव्हा रक्त येत नाही, म्हणून ते नोंदवहीत येत नाहीत. आपल्याकडील नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि आवाज पाच डेसिबलने वाढला की मुभा निम्मी होते: ९५ ला चार तास, १०० ला दोन. हाच हिशेब ओव्हरटाइम धरून बारा तासांना लावला तर मर्यादा सुमारे ८७ वर येते. मोजणी करणारी संस्था मात्र अहवालात आठ तासच गृहीत धरते, म्हणून प्रत्यक्ष पाळीचे तास तिला लिहून द्या.

श्रवण-तपासणीचे अहवाल दरवर्षी येतात आणि फाइलला लागतात. ते माणसागणिक एकाखाली एक लावा आणि रुजू होतानाच्या तपासणीशी ताडून पाहा. आवाजाने होणारी हानी बहुधा आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दाखवते, माणसाला बोलणे ऐकू येत असते तेव्हाच. एका विभागातल्या तिघाचौघांचा खड्डा दरवर्षी खोल होत असेल, तर इअरप्लग वाटल्याच्या सह्या बाजूला ठेवून यंत्राच्या आवाजाकडे पाहायला हवे. रुजू होतानाची तपासणी नसेल तर आज करा, निदान पुढच्या वर्षी ताडायला काही राहील.

९. उपाय निवडणे आणि कमिटीपुढे मांडणे

आकड्यांनंतरचा उपाय बहुतेक वेळा ‘प्रशिक्षण दिले’ असा लिहिला जातो, कारण त्याला खर्च नाही आणि सह्यांचा कागद लगेच तयार होतो. क्रम असा ठेवा: धोका काढूनच टाकता येतो का, कमी धोक्याचा पर्याय आहे का, गार्ड, इंटरलॉक (गार्ड उघडे असले की यंत्र चालू होऊ न देणारी सोय) यांसारखा यंत्राचा उपाय होतो का, कामाची पद्धत व पाळ्या बदलता येतात का, आणि हातमोजे, गॉगल सर्वांत शेवटी. तक्त्यात उपायाची पायरीही लिहा. वर्षअखेर सगळे उपाय तळाच्या दोन पायऱ्यांवर साचलेले दिसले, तर कारखान्याच्या सुरक्षा कमिटीत बोलायला तोच मुद्दा घ्या.

मांडणी एका पानाची असावी: एक नकाशा, एक आलेख, आणि खाली ‘आज ठरवायचे’ असे लिहून जास्तीत जास्त तीन मुद्दे, प्रत्येकासमोर खर्च आणि जबाबदार व्यक्ती. माझे पहिले सादरीकरण चाळीस स्लाइडचे होते आणि बाविसाव्या स्लाइडला जेवणाची सुट्टी झाली.

१०. उपाय बसला का ते मोजा

दुखापतींची संख्या लहान असल्याने उपायाचा परिणाम तीन महिन्यांत तीमधून दिसणार नाही. म्हणून उपाय प्रत्यक्ष वापरात आहे का ते मोजा. त्या जुन्या प्रेसचे गार्ड बसल्यावर मी रोज वेगवेगळ्या वेळी फेरी मारून ‘गार्ड जागेवर: होय किंवा नाही’ एवढेच लिहीत गेलो. पहिल्या वीस फेऱ्यांत सात वेळा गार्ड यंत्राशेजारी जमिनीवर होते. जुना मी असतो तर त्या सात ओळींपुढे तोच शब्द लिहिला असता. वेळा पाहिल्या तर सातही नोंदी डाय बदलल्यानंतरच्या अर्ध्या तासातल्या होत्या. सेटरला विचारले, तेव्हा त्याने गार्डचे नट कसण्याचे तीन मापांचे पाने खिशातून काढून दाखवले आणि चौथ्या मापाचा पाना दुसऱ्या पाळीच्या कपाटात कुलूपबंद असतो असे सांगितले. पुढच्या आठवड्यात गार्डला बिजागरी आणि इंटरलॉक बसला, म्हणजे ते उघडे असेपर्यंत प्रेस चालूच होत नाही. त्यानंतरच्या वीस फेऱ्यांत ‘नाही’ची एकच नोंद आली, आणि त्या वेळी प्रेस बंद होती.